चार एकवीसचा डबा

जालिंदर खरातच्या क्वार्टरमध्ये मालगाडीचा डबा पहिल्यांदा आपोआप चालला, तेव्हा दुपारचे चार वाजून एकवीस मिनिटं झाली होती. वेळ इतकी नेमकी माहीत असायचं कारण म्हणजे जालिंदरची आई बनाबाई तेव्हा घड्याळासमोरच तांदूळ निवडत बसली होती. भिंतीवर फळी, फळीवर रूळ, रुळावर डबा. तो आधी थरथरला. मग कुणी हाक मारल्यासारखा निघाला, हातभर गेला आणि खिडकीपाशी थांबला. घरात दुसरं कुणी नव्हतं, वाराही नव्हता. बनाबाईनं तांदळातला एक खडा बाजूला टाकला आणि पुढं निवडायला लागली.

संध्याकाळी जालिंदर कामावरून आला, तेव्हा चहाचा कप पुढं करत तिनं सांगितलं, "तुझ्या बापाची गाडी हालली आज."

"हालली म्हंजी?"

"म्हंजी हालली. हितनं तितं गेली."

"आये, आपल्यात भूतबित मानत न्हाईत."

"मी कुटं भूत म्हनलं? मी म्हनलं गाडी हालली."

डबा तसा खेळण्यातला नव्हता. खऱ्या मालडब्याच्या सत्याऐंशी पट लहान, वितीपेक्षा आखूड, पण दाराची कडी, ब्रेकचं चाक, चढायची शिडी, सगळं जिथल्या तिथं. कोयना धरणाचं काम चालू असताना आलेल्या एका परदेशी इंजिनिअरनं जाताना असे सहा डबे, म्हणजे डब्यांच्या सुट्या भागांची सहा खोकी, जालिंदरच्या वडिलांना देऊन टाकली होती. वडील जोतिबा सेंट्रिंगचे सुतार, आणि साहेबाला त्यांचा हात आवडायचा. खोक्यातला इंग्रजी कागद जोतिबांना वाचता येत नव्हता, तरी चित्रं बघून त्यांनी एक डबा पुरा केला आणि दुसरा निम्मा. दोन झाले की जोडून दावतो, असं ते बनाबाईला म्हणायचे. मग सदुसष्टच्या डिसेंबरात, पहाटे चार एकवीसला, तो मोठा भूकंप झाला. ढिगाऱ्यातून बनाबाई निघाली, दहा वर्षांचा जालिंदर निघाला, खोकीसुद्धा निघाली. जोतिबा निघाले नाहीत.

तेव्हापासून कोयनानगरात चार एकवीस ही वेळ कुणी मोठ्यानं उच्चारत नाही. गजर लावायचा झाला तरी लोक चार वीसचा किंवा चार पंचवीसचा लावतात.

सव्वीस वर्षं खोकी माळ्यावर पडून होती. जालिंदर आता प्रोजेक्टच्या वर्कशॉपमध्ये फिटर होता आणि त्याची बायको नीलिमा कॉलनीच्या शाळेत विज्ञान शिकवायची. गेल्या दिवाळीच्या साफसफाईत त्यानं खोकी खाली काढली आणि साफसफाई तिथंच थांबली. पुठ्ठा भुसभुशीत झाला होता, सरसानं चिकटवलेल्या फळ्या सुटल्या होत्या, ओतीव भागांवर पांढरी भुकटी चढली होती. दात घासायच्या जुन्या ब्रशनं आणि रिठ्याच्या पाण्यानं त्यानं एकेक भाग साफ केला. डब्याच्या अंगावरची छापील अक्षरं पापुद्रे होऊन सुटत होती, ती नीलिमाच्या बिनरंगी नेलपॉलिशनं जागेवर बसवली. शिडीच्या तुटक्या पायऱ्या मोटारच्या वाइंडिंगच्या तारेतून नव्या केल्या. आसांची टोकं झिरो पेपरनं इतकी घासली, की फुंकर मारली तरी डबा धावावा. रंगाला मात्र त्यानं हात लावला नाही.

"नवा रंग दे की," नीलिमा म्हणाली. "किती फिका दिसतोय."

"त्यो आण्णांनी दिलेला हाय," जालिंदर म्हणाला, आणि रविवारी तयार डबा त्यानं तसाच फळीवरच्या रुळावर मांडला.

सोमवारी रात्री जालिंदरनं डबा परत दाराच्या टोकाला आणून ठेवला आणि मंगळवारी तो पुन्हा चालला. त्याच वेळेला. म्हणून बुधवारी नीलिमा शाळेतून लवकर आली, तिनं खिडकी लावून घेतली, पंखा बंद केला, दाराला कडी घातली. बाहेर धुकं खाली उतरलं होतं आणि समोरची क्वार्टरं दिसेनाशी झाली होती. चार वीसला बनाबाईनंही सूप खाली ठेवलं. मग जमिनीच्या पोटातून आल्यासारखी बारीक गुरगुर ऐकू आली. फळी थरथरली, डब्याच्या दाराची कडी किणकिणली आणि डबा खिडकीकडं निघाला. नीलिमानं खिडकी ओढून बघितली आणि म्हणाली, "सौम्य धक्का असेल."

दुसऱ्या गावात असा डबा हलला असता, तर लोकांनी मांजर शोधलं असतं किंवा शेजारी जाऊन विचारलं असतं. कोयनानगरात वस्तू हलली की तिचं कारण एकच. नीलिमानं शाळेत चौकशी केली, तर सोमवारी दुपारी खरंच एक बारीक धक्का झाल्याचं कुणीतरी सांगितलं. त्यात नवल काही नव्हतं. त्या हिवाळ्यात कोणतीही वेळ सांगितली असती, तरी तिच्या मागंपुढं एखादा धक्का सापडलाच असता. पण शिक्षकांच्या खोलीतून बातमी निघाली ती अशी, की खरातांच्या गाडीला भूकंप आधी कळतो.

पुढच्या आठवड्यात चार वाजले की क्वार्टरांची सगळी रांग पोराबाळांसकट अंगणात यायची. चुली विझवलेल्या, गॅस बंद. खिडकीतून एकजण डब्यावर नजर ठेवायचा. "हालला" असा आवाज आला की सगळे मैदानाकडं पळायचे आणि पाच मिनिटांनी, काहीच न होता, चपला शोधत परत यायचे. पळापळीत दोघीजणींचे पाय मुरगळले. भूकंपानं त्या महिन्यात कुणालाच काही केलं नव्हतं.

यात सगळ्यात पुढं होता शेजारचा नाथाजी. तो पॉवरहाऊसला ऑपरेटर होता. डबा हलताना त्यानं एकदाही पाहिला नव्हता, कारण त्याची ड्यूटी सुटून घरी यायला साडेचार वाजायचे आणि त्याच्या सुट्टीच्या दिवशी डबा हलत नसे.

"मी घरात आसलो की हालत न्हाई त्यो," नाथाजी चारचौघांत सांगायचा. "वळाकतोय मला."

हळूहळू बोलणं फिरलं. धक्का बसणार म्हणून डबा हलतो, असं आधी म्हणत होते. आता डबा हलतो म्हणून धक्के बसतात, असं म्हणायला लागले. बायका खरातांच्या दारावरून जाताना पोरांना पलीकडच्या बाजूला घ्यायला लागल्या. एका संध्याकाळी कॉलनीच्या कमिटीचे अध्यक्ष नानासो घरी आले. ते धरणावर टाइमकीपर होते, रिटायर झाले तरी मनगटावरचं घड्याळ दर दहा मिनिटांनी बघायची सवय गेली नव्हती. नाथाजी त्यांच्या मागं उभा राहिला.

"जालिंदर, वाईट वाटून घेऊ नगंस," नानासो म्हणाले. "जोतिबा माझ्या हजेरीवर हुता. लय गुणाचा मानूस. पर गेलेला मानूस आसा रोज येळंवर याया लागला, तर कॉलनीनं जगायचं कसं? शुक्रवारी आमी समक्ष बघतो. हालली, तर गाडी धरणात सोडायची."

"मी पेटीत घालून ठेवतो की."

"पेटीतनं बी धक्के वढंल ती," नाथाजी म्हणाला.

जालिंदरला त्या रात्री जेवण गेलं नाही. वडिलांचा फोटो त्याच्याकडं नव्हता. कपडे, हत्यारं, सगळं ढिगाऱ्यात गेलं होतं. त्यांच्या हातचं म्हणून जगात एवढंच उरलं होतं, दीड डबा. आतल्या बाजूला त्यांनी पेन्सिलीनं ओढलेल्या खुणासुद्धा त्यानं खोडल्या नव्हत्या. तो डबा पाण्याच्या तळाशी जायचा म्हणजे वडील दुसऱ्यांदा जायचे, असं त्याला वाटलं आणि तो ते नीलिमाला बोलूनही दाखवू शकला नाही.

दुसऱ्या दिवशी त्यानं रजा टाकली. यंत्र कुठं बिघडलंय हे फिटर आधी हातानं बघतो. चार एकवीसला गुरगुर सुरू झाली, रांगेतले लोक ओरडत पळाले, पण जालिंदर फळीवर तळवा ठेवून उभा राहिला. थरथर जमिनीतून येत नव्हती, भिंतीतून येत होती. त्यानं भिंतीला कान लावला. भिंत दोन्ही घरांची एकच. पलीकडं नाथाजीचं स्वयंपाकघर.

"नीलिमा, जरा शेजारी जाऊन ये," तो म्हणाला.

नीलिमा मागच्या दारानं गेली, तर नाथाजीची बायको हौसाबाई ओट्याशी उभी होती. वाकळेत, जाड गोधडीत, गुंडाळलेलं काहीतरी तिनं दोन्ही हातांनी भिंतीला दाबून धरलं होतं. नीलिमाला बघताच तिनं बटण बंद केलं आणि खाली बसली. वाकळेतून निघाला तो मिक्सर.

"ह्यास्नी सांगू नगा बाई," ती म्हणाली. "सांगलीच्या भावानं भाऊबीजंला दिलाय. माझा खांदा उचलत न्हाई आता, पाटावरवंटा हुईना झालाय. पर ह्यांचं एकच, मिक्सरच्या चटनीला चव न्हाई. कळलं तर भावाला परत धाडत्याल. माझ्या म्हायेराचं नाक जाईल."

"पण रोज याच वेळेला का, वैनी?"

"साडेचारला ह्ये येत्यात. ताजी चटनी लागती. चार वीसला वाटली, की मिक्सर धुऊन जोंधळ्याच्या डब्यात घालाया धा मिंट मिळत्यात. आवाज भाईर जाऊ नये म्हनून वाकळ."

"मग पळा म्हणतात तेव्हा?"

"मी बी पळती की. वाटून झालं, की बंद करून."

नीलिमानं तिला वचन दिलं. घरी येऊन जालिंदरला सगळं सांगितलं आणि वचनाचंही सांगितलं. त्याला हसू येत होतं आणि राग येत होता, आणि दोन्ही कुणावर काढावं ते कळत नव्हतं. भूत नव्हतं हे सिद्ध करायला एक शब्द पुरेसा होता, आणि तोच बोलायची सोय नव्हती.

"शुक्रवारी मिक्सर लावू नका म्हणावं, झालं," तो शेवटी म्हणाला.

पण शुक्रवार सरळ उजाडला नाही. नाथाजीनं अर्ध्या दिवसाची रजा काढली आणि कमिटीच्या सहा जणांना आधी आपल्या घरी भाकरी-चटणीला बोलावलं. "हिच्या हातची पाट्यावरची चटनी खाऊनच बसू," असं त्यानं सगळ्यांना सांगून ठेवलं. हौसाबाई रडकुंडीला आली. मग नीलिमा पहाटे उठली आणि सात-आठ माणसांची शेंगदाण्याची चटणी तिनं आपल्या पाट्यावर वाटून मागच्या दारानं पोचवली. तिच्या तळव्याला फोड आले.

पावणेचारला नाथाजीनं पहिला घास घेतला आणि थांबला.

"आज हात बिघाडला हिचा," तो पाहुण्यांना म्हणाला. "मिक्सरात फिरवल्यावानी लागतीया."

हौसाबाईनं मान खाली घातली आणि पाणी आणायला उठली.

चार वाजता सगळे खरातांच्या खोलीत जमले. जालिंदर फिटर असल्यानं एका खात्रीवर काम करत नसे. सदुसष्टनंतर तडे गेलेल्या त्या भिंतीवर फळी थोडी कलती होती, दाराकडं उंच आणि खिडकीकडं खाली. म्हणून आज त्यानं डबा आधीच खिडकीच्या टोकाला, उताराच्या शेवटाला ठेवला होता. दाराच्या टोकाला दुसरा डबा होता, वडिलांनी निम्मा सोडलेला. नुसता तळ आणि एक बाजू. आदल्या दिवशी त्यानं त्याला चाकं बसवली होती, कारण गाडी जायचीच असली, तर जायच्या आधी दोन्ही डबे एका रुळावर एकदा तरी दिसावेत असं त्याला वाटलं होतं.

"रोज हिकडल्या टोकाला आसती की ती," नाथाजीनं हरकत घेतली.

"भुताला चढउतार आसतोय व्हय?" जालिंदरनं विचारलं.

नाथाजीनं विचार केला. "न्हाई," तो म्हणाला. "त्येला काय त्येचं."

धुकं पार खिडकीच्या गजांपर्यंत आलं होतं. खोलीत पंधराएक माणसं होती आणि कुणी खोकतही नव्हतं. हौसाबाई दाराशी, सगळ्यांना दिसेल अशी उभी होती. बनाबाई आपल्या जागेवर, पण आज पुढ्यात सूप नव्हतं. नानासोंनी घड्याळ डोळ्यांजवळ धरलं. चार वीस. चार एकवीस. कुठं गुरगुर नाही, थरथर नाही. डबा जागचा हलला नाही. चार बावीसला नानासोंनी हात खाली घेतला.

"न्हाई हालली," नानासो म्हणाले.

"कशी हालंल?" नाथाजी म्हणाला. "मी हाय न्हवं हितं. मी भाईर जातो, मग बगा."

सगळ्यांनी त्याला वाट करून दिली, कारण गेले तीन आठवडे सगळ्यांनी त्याचं हे म्हणणं मान डोलवून ऐकलं होतं. नाथाजी बाहेर अंगणात गेला. त्याचा पाय उंबऱ्याबाहेर पडला आणि गुरगुर सुरू झाली.

जालिंदरनं चटकन हौसाबाईकडं बघितलं. ती दाराशीच होती, दोन्ही हात रिकामे. तीही त्याच्याकडंच बघत होती. गुरगुर वाढत गेली. ती भिंतीतून येत नव्हती. मांडणीवरची भांडी एकदम वाजायला लागली, आणि तेव्हा कुठं कुणीतरी म्हणालं, "आरं, खरंच हाय ह्यो."

खोली क्षणात रिकामी झाली. जालिंदर डब्याकडं वळला होता, पण नीलिमानं त्याचा सदरा धरून त्याला बाहेर ओढलं. बनाबाई सगळ्यांच्या शेवटी, पदर सावरत, सावकाश बाहेर आली. मैदानात पायाखालची जमीन चार-पाच सेकंद हलली. कौलं घसरली, कुत्री रडली, आणि नाथाजीच्या स्वयंपाकघरात काहीतरी मोठं पडल्याचा आवाज झाला. मग सगळं थांबलं. कुणाला लागलं नव्हतं.

नाथाजी घरात जाऊन आला, तेव्हा त्याच्या हातात अर्धवट वाकळेत गुंडाळलेला मिक्सर होता. भांड्याच्या कडेला कालच्या चटणीचं लाल तेल दिसत होतं.

"जोंधळ्याच्या डब्यातनं पडला," तो म्हणाला. "ह्यो कुनाचा?"

"माझा. भावानं दिलेला," हौसाबाई म्हणाली. भूकंपातून वाचलेल्या माणसाला आणखी कशाची भीती वाटायची, असं तिच्या आवाजात होतं.

"कवापास्नं?"

"भाऊबीजंपास्नं."

नाथाजी मिक्सर उलटासुलटा करून बघायला लागला. भाऊबीजेपासून त्यानं किती जणांना कोणत्या चटणीची तारीफ ऐकवली, ते तो आठवत असावा. त्याला मदत म्हणून बनाबाई बोलली, "आन आजची पाट्यावरची हुती, बाबा. माझ्या सुनंनं वाटलेली."

नानासोंनी घड्याळ बघितलं. वेळ कुणी विचारली नव्हती.

"आता आसं हाय," ते म्हणाले. "गाडी हालली न्हाई, तरी धक्का बसला. म्हंजी गाडीचा ह्येच्यात काय संबंध न्हाई. आन तिला आधी कळतं म्हनावं, तर ते बी न्हाई. ठिऊन दे बाबा तुझ्याकडंच. काय कामाची न्हाई ती." एवढं बोलून कमिटी आपापली कौलं बघायला निघून गेली. लोकांची थोडी निराशा झालेली दिसत होती.

जालिंदर पळतच घरात गेला. खिडकीच्या टोकाला डबा नव्हता. त्यानं खाली वाकून बघितलं, खाटेखाली बघितलं. मग नीलिमानं त्याच्या खांद्याला हात लावला आणि दाराकडं बोट दाखवलं. डबा फळीच्या वरच्या टोकाला उभा होता, निम्म्या डब्याला लागून. दोघांचे जोडणीचे आकडे एकमेकांत नीट अडकले होते.

"धक्क्यानं गेला असेल," नीलिमा म्हणाली.

"व्हय, धक्क्यानंच," जालिंदर म्हणाला. दोघंही जरा घाईनंच बोलले. मग त्यानं पातळी बघायची पाणसळ आणून फळीला लावली. हातभरात दोन सुतं, म्हणजे पाव इंच, चढ होता.

"आये," त्यानं विचारलं, "तू शेवटाला भाईर आलीस. हात लावलास काय?"

"मला जमतोय व्हय त्यो आकडा?" बनाबाई म्हणाली. "तुझ्या बापालाच जमायचा."

सोमवारपासून चार वीसला भिंतीपलीकडं मिक्सर उघडपणे सुरू झाला, वाकळेशिवाय. हौसाबाईचा खांदा दुखतो म्हणून झाकण आता नाथाजीच दाबून धरायचा, त्यासाठी त्यानं ड्यूटी बदलून घेतली होती. पूर्वीच्या दुप्पट जोरानं फळी थरथरायची, कडी किणकिणायची. उताराच्या वरच्या टोकाला उभे असलेले दोन डबे मात्र तसूभरही हलत नव्हते. जालिंदरनं त्याचं कारणही शोधून काढलं. दुसऱ्या डब्याचे आस अजून घासलेले नव्हते, तोच पहिल्याला अडवून धरत होता.

"उद्या घासतो," तो झिरो पेपर शोधत म्हणाला.

बनाबाई तांदूळ निवडत होती. तिनं वर बघितलं नाही.

"नगं घासूस," ती म्हणाली. "जोडून दावतो म्हनला हुता. दावला. आता कशाला हालंल त्यो?"